गोळी पोटात गेली, पण अंगी लागली का?

कॅन्सरच्या उपचाराने आतडे दुखावले की रोजच्या औषधांचे काय होते आणि घरच्यांनी काय करायचे

पोरगं जेवतं पोटभर, पण अंगी लागत नाही, असे आपल्या घरात सहज बोलले जाते. ताटातले अन्न पोटात गेले एवढ्याने भागत नाही, ते अंगी लागावे लागते, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. औषधाच्या गोळीचे अगदी तसेच आहे. गोळी तोंडात टाकली, वर पाण्याचा घोट घेतला, की काम झाले असे आपण धरून चालतो. पण पोटात गेलेली गोळी रक्तात पोचायची तर तिला आतडे ओलांडावे लागते. आतडे धडधाकट असते तोवर ही गोष्ट कोणाच्या लक्षातही येत नाही. कॅन्सरसाठी किमो किंवा शेक, म्हणजे रेडिएशन, चालू असते तेव्हा मात्र हेच आतडे दुखावते. आणि मग वर्षानुवर्षे चाललेली बीपीची, फिटची, थायरॉईडची गोळी अचानक वेगळी वागू लागते.

हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी, कुठल्याही वस्तीत जा. पिशवीच्या तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरचा उपचार घेतलेली बाई आणि खर्ऱ्यापायी तोंडाचा कॅन्सर झालेला माणूस भेटतोच. कोणी सेवाग्रामला जातो, कोणी सावंगीला, कोणी नागपूरला. यातल्या बऱ्याच जणांना कॅन्सरच्या आधीपासून दुसरे काही दुखणे असते आणि त्याची गोळी रोज चालू असते. ती गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळते, नाही तर गावातल्या डॉक्टरकडून. म्हणजे कॅन्सरचा डॉक्टर एक आणि रोजच्या गोळीचा डॉक्टर दुसरा. दोघांची गाठ कधी पडत नाही. दोघांमध्ये निरोप पोचवणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे खुद्द पेशंट. आणि पेशंट नेमकी एक गोष्ट सांगत नाही: मला दिवसातून आठ वेळा संडासला जावे लागते.

या लेखात तेवढ्यासाठीच लिहिते आहे.

गोळी रक्तात जाते कशी

आपले लहान आतडे सुमारे ६ मीटर, म्हणजे जवळपास २० फूट लांब असते. आतून ते गुळगुळीत नसते. टॉवेलला जसे बारीक धाग्यांचे फासे असतात तसे बोटासारखे लाखो बारीक उंचवटे आतल्या अस्तरावर असतात. साध्या कापडापेक्षा टॉवेल जास्त पाणी का टिपतो? कारण त्या फाशांमुळे पाणी टिपायला जागा जास्त मिळते. आतडेही अन्न आणि औषध असेच टिपून घेते.

गोळी आधी जठरात विरघळायला लागते. मग लहान आतड्यात येते. बहुतेक औषधे इथेच अस्तरातून आत ओढली जाऊन रक्तात जातात. यासाठी तीन गोष्टी लागतात. गोळी नीट विरघळली पाहिजे. आतड्यात तिला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. आणि अस्तर शाबूत पाहिजे. त्या अस्तरात औषध आत घेणारी दारे असतात, तशीच नको ते औषध परत बाहेर फेकणारी आणि थोडेसे तिथेच मोडून टाकणारी यंत्रणाही असते. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडेल.

हे अस्तर सतत झिजते आणि सतत नवे बनते. साधारण ३ ते ५ दिवसांत जुन्या पेशी गळून नव्या येतात. शरीरात इतक्या झपाट्याने वाढणाऱ्या पेशी फार थोड्या ठिकाणी आहेत.

किमो आणि शेक आतड्याला काय करतात

किमोचे औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते, कारण कॅन्सरच्या पेशी तशा असतात. पण केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आत आणि आतड्याच्या अस्तरातही अशाच पेशी असतात. औषधाला आपला-परका ओळखता येत नाही. म्हणून केस गळतात, तोंड येते आणि जुलाब लागतात. तोंड आले की ते आपल्याला दिसते. तसेच फोड, तशीच सोलवट आतड्यातही पडते, पण ती कोणाला दिसत नाही. टॉवेलचे फासे झिजून तो पातळ फडके व्हावा, तसे आतडे होते. किमो थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांत अस्तर बरेचसे भरून येते. तोवर पुढचा किमो येतो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते.

शेकाचे थोडे वेगळे आहे. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला साधारण ५ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस पोटाखालच्या भागावर शेक देतात. त्या भागात लहान आतड्याची वेटोळी असतातच. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पोटात मुरडा, वारंवार संडास सुरू होते. शेक संपल्यावर काही आठवड्यांत हा त्रास बहुतेकींना कमी होतो. पण काही जणींना सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी कित्येक वर्षांनी नव्याने त्रास सुरू होतो. कारण शेकाने आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आतड्याची भिंत जाड आणि ताठ होते, एखाद्या ठिकाणी वाट अरुंद होते.

हा त्रास किती जणींना होतो? मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रात याचा नीट अभ्यास झाला आहे. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे ऑपरेशन होऊन नंतर शेक घ्यावा लागलेल्या ३०० स्त्रियांना २०११ ते २०१९ या काळात त्यात घेतले. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने शेक दिला, निम्म्यांना आतडे होता होईल तेवढे वाचवणाऱ्या नव्या पद्धतीने. डॉ. सुप्रिया चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा जास्त, उशिरा येणारा त्रास नेहमीच्या पद्धतीत शंभरातल्या सुमारे ४२ जणींना झाला. नव्या पद्धतीत तो सुमारे २१ वर आला. कॅन्सर आटोक्यात ठेवण्यात दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या. याचा अर्थ असा की चांगले यंत्र असले तरी पाचातल्या एका बाईला हा त्रास होऊ शकतो. तेव्हा आपल्यालाच असे का झाले म्हणून कोणी कुढत बसू नये, आणि लपवूही नये.

शेकाला जाताना पाणी पिऊन या, लघवी रोखून धरा, असे तुम्हाला सांगतात ना? बऱ्याच बायकांना ती कटकट वाटते. पण लघवीची पिशवी भरलेली असली की ती लहान आतड्याला वर ढकलते आणि आतडे शेकाच्या झोतातून बाजूला होते. एवढ्या साध्या गोष्टीने आतडे वाचते. म्हणून ती सूचना रोज पाळायची.

मग गोळीचे काय होते

जुलाबात अन्न-पाणी आतड्यातून भराभर पुढे जाते. गोळीला विरघळायला आणि आत शिरायला वेळच मिळत नाही. अस्तर झिजलेले असल्यामुळे टिपून घेण्याची जागाही कमी झालेली असते. परिणामी, घेतलेल्या गोळीतला काही भाग रक्तात न जाता तसाच बाहेर पडतो.

हा नुसता तर्क नाही. डिगॉक्सिन हे हृदयाचे जुने औषध आहे. १९८० च्या दशकात डॉक्टरांनी जोरदार किमो घेणाऱ्या पेशंटमध्ये त्याचे रक्तातले प्रमाण मोजले. किमोनंतर तीच गोळी, तोच डोस, पण रक्तात औषध बरेच कमी पोचत होते. तेच औषध आत द्रव असलेल्या कॅप्सूलमधून दिले तेव्हा ही घट पुष्कळ कमी होती. कारण ते आधीच विरघळलेले होते. म्हणजे औषध कुठल्या रूपात दिले यानेही फरक पडतो.

आता मघाचे वाक्य आठवा. अस्तरात औषध बाहेर फेकणारी आणि मोडणारी यंत्रणाही असते. ती दुखावली तर काही औषधे उलट जास्त प्रमाणात रक्तात शिरू शकतात. शिवाय जुलाबाने अंगातले पाणी कमी झाले की किडनीचे काम मंदावते आणि काही औषधे अंगात साचून राहतात. म्हणून गोळी कमी पोचत असेल, आपण एकाच्या दोन घेऊ, असा हिशेब घरी करायचा नाही. कोणती गोळी कमी पडते आहे आणि कोणती जास्त होते आहे, हे तपासल्याशिवाय डॉक्टरलाही सांगता येत नाही.

एक गोष्ट आणखी. संडासात गोळीसारखे काही दिसले की घरचे घाबरतात. हळूहळू सुटणाऱ्या काही गोळ्यांचे, जशी शुगरची लांब पल्ल्याची मेटफॉर्मिन, औषध आत निघून जाते आणि नुसते टरफल बाहेर पडते. ते नेहमीचे आहे. पण जुलाब चालू असताना अख्खी गोळी दिसली, तर तिचे नाव लिहून ठेवा आणि डॉक्टरला सांगा.

कोणत्या गोळ्यांकडे जास्त लक्ष

सगळ्याच गोळ्यांबाबत घाबरायचे कारण नाही. काही औषधांत मात्र थोडासा फरकही महागात पडतो.

फिटची गोळी: फिनिटॉइनसारख्या औषधाचे रक्तातले प्रमाण एका ठरावीक पट्ट्यात राहावे लागते. काही किमोच्या काळात ते खाली आल्याचे आढळले आहे. पाच वर्षांत एकही झटका न आलेल्या माणसाला किमोच्या दिवसांत झटका आला, तर गोळी चुकवली असेल म्हणून त्याच्यावर ओरडू नका. गोळी घेऊनही असे होऊ शकते. रक्तात फिनिटॉइन किती आहे हे तपासता येते. ती तपासणी मागा.

थायरॉईडची गोळी: ही तशीही नाजूक. सकाळी उपाशीपोटी घ्यायची. लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून ४ तास लांब ठेवायची. आतडे दुखावले असेल तर टीएसएच ही तपासणी नेहमीपेक्षा लवकर करावी लागते.

रक्त पातळ करणारी गोळी: वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी जास्तच जपायचे. जेवण तुटले, जुलाब लागले, की तिचा असर उलट वाढू शकतो. कॅपेसिटाबीन ही किमोची गोळी सोबत असेल तर रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. आयएनआर तपासणी वरचेवर लागते.

शुगरची गोळी: इथे गंमत उलटी आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी आपले काम करते, पण अन्न मात्र अंगी लागत नाही. मग शुगर एकदम खाली जाते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात, शुद्ध हरपते. मेटफॉर्मिनमुळे तर स्वतःहूनच पोट बिघडू शकते, आणि अंगातले पाणी आटले असताना ती घेत राहणे धोक्याचे. जुलाब सुरू झाले की शुगरच्या गोळ्यांबद्दल त्याच दिवशी विचारा.

बीपीची गोळी: पाणी कमी झाल्यावर बीपी आधीच खाली आलेले असते. त्यावर नेहमीचीच गोळी घेतली की उठताना चक्कर येऊन माणूस पडतो. लघवी वाढवणाऱ्या गोळीचेही तेच. आशाताईकडून किंवा उपकेंद्रात बीपी मोजून घ्या आणि वहीत लिहा.

सिकलसेल: आपल्या विदर्भात, आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांमध्ये हा आजार बराच आहे. हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल, फॉलिक ॲसिडची गोळी तोंडानेच घ्यायची असते. सिकलसेलच्या माणसाला कॅन्सरचा उपचार लागला तर जुलाब हे दुहेरी संकट. औषध पुरेसे पोचत नाही आणि पाणी आटल्याने वेदनांचा झटका येऊ शकतो. सिकलसेलचे कार्ड कॅन्सरच्या फाईलला पहिल्या पानावर जोडून ठेवा.

पाळणा लांबवण्याची गोळी: जास्त जुलाब-उलट्या असल्या की तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. किमो-शेकाच्या काळात दिवस राहणे बाळाला धोक्याचे असते. आणि स्तनाचा कॅन्सर असेल तर ही हार्मोनची गोळी घ्यायचीच नसते. दुसरा उपाय कोणता, हे नवरा-बायको दोघांनी मिळून सिस्टरला विचारा.

टीबी आणि एआरटीच्या गोळ्या: औषध कमी पोचत राहिले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. गोळ्या बंद करायच्या नाहीत, पण जुलाबाची खबर केंद्रावर लगेच द्यायची.

दुखण्याची गोळी: मॉर्फिनची लांब पल्ल्याची गोळी साधारण १२ तास पुरायला हवी. ती चार-पाच तासांतच उतरत असेल तर पेशंट कांगावा करतो असे म्हणू नका. डॉक्टरकडे पातळ औषध, चामडीवर लावायची पट्टी, इंजेक्शन असे दुसरे मार्ग असतात.

नळी आणि कुटलेली गोळी

तोंडाच्या कॅन्सरमध्ये शेकाने तोंड आणि घसा सोलवटतो, गिळता येत नाही, मग नाकातून नळी घालतात. घरी आल्यावर बाई खलबत्ता काढते, सगळ्या गोळ्या एकत्र कुटते, पाण्यात कालवून नळीतून सोडते. तिची माया खरी, पण यात धोका आहे.

ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर किंवा एक्सएल अशी अक्षरे असतात, ती गोळी हळूहळू सुटायला बनवलेली असते. ती कुटली तर १२ किंवा २४ तासांचा डोस एकदम अंगात जातो. मॉर्फिनच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकते. पँटोप्रॅझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळीवर जठरातल्या आम्लापासून वाचवणारे आवरण असते. ते फोडले तर औषध आतड्यात पोचण्याआधीच वाया जाते. किमोची गोळी तर घरी कधीच कुटायची नाही. तिची भुकटी कुटणाऱ्या बाईच्या आणि घरातल्या लेकराबाळांच्याही अंगात जाऊ शकते.

म्हणून नळी लागल्यावर घरी सुटी होण्याआधी सिस्टरला प्रत्येक गोळी दाखवून विचारा: ही कुटता येते का? नसेल तर पातळ औषध मिळेल का? प्रत्येक औषध वेगळे द्या. आधी आणि नंतर साधे पाणी सोडा, म्हणजे औषध नळीला चिकटून राहणार नाही. फिनिटॉइन तर नळीतल्या दुधा-पेजेतही अडकते. तिच्या आधी आणि नंतर किती वेळ खाणे थांबवायचे हे लिहून घ्या.

चार वर्षांनीसुद्धा

शेक संपून चार वर्षे झाली, आता त्याचा काय संबंध, असे बायका म्हणतात. संबंध असतो. लहान आतड्याचा शेवटचा तुकडा पोटाच्या खालच्या भागात असतो. बी-१२ जीवनसत्त्व आणि पित्तातली आम्ले तिथूनच परत शोषली जातात. शेकाने तो तुकडा खराब झाला तर ही आम्ले मोठ्या आतड्यात उतरतात आणि पातळ, पिवळसर, घाईची संडास होते. बी-१२ कमी झाले तर थकवा येतो, जीभ लाल होते, पायाला मुंग्या येतात. अशा वेळी साध्या गोळीपेक्षा बी-१२ चे इंजेक्शन कामी येते.

पित्ताच्या जुलाबावर कोलेस्टिरामाइनची पुडी देतात. ती पित्ताला बांधून ठेवते, पण दुसऱ्या औषधांनाही बांधून ठेवते. म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या किमान १ तास आधी किंवा ४ ते ६ तास नंतर घ्यायच्या. ॲसिडिटीचे पातळ औषधही थायरॉईडच्या आणि लोहाच्या गोळीला असेच आड येते.

सांगायची लाज

वस्तीत संडास सामाईक असतो. सकाळी रांग, रात्री अंधार. दिवसातून आठ-दहा वेळा जाणाऱ्या बाईला सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागतात. मग ती काय करते? जेवण तोडते. पाणी कमी पिते. सेवाग्रामला जायचे त्या दिवशी बसमध्ये पंचाईत नको म्हणून सकाळपासून तोंडात काही घालत नाही आणि गोळ्याही घेत नाही. डॉक्टरने विचारले तर सांगते, बरं आहे. कापूस वेचणीचे दिवस असले तर रोजी बुडते म्हणून तारीखच टाळते. यात तिचा दोष नाही, पण नुकसान तिचेच होते.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून बिछान्यावर ठेवले. त्यानंतर चांगला रोगी आणि चांगला शुश्रूषा करणारा कसा असावा हेही सांगितले. चांगला रोगी औषध घेतो आणि दुखणे वाढले की कमी झाले ते आहे तसे सांगतो. चांगला शुश्रूषा करणारा मलमूत्र आणि उलटी काढायला किळस करत नाही. नर्सिंगच्या डिप्लोमात मी पुढे जे शिकले, त्याचा सगळा गाभा यात आहे.

तेव्हा घरातल्या माणसांनी पहिले काम हे करावे: पेशंटला विचारा, आज किती वेळा जावे लागले? ताप विचारतो तितक्याच सहज. नवऱ्याने विचारावे, मुलाने विचारावे. हे फक्त सुनेचे काम नाही.

घरी करायच्या गोष्टी

१. एक शंभर पानी वही घ्या. रोज तारीख, संडास किती वेळा, उलटी झाली का, कोणती गोळी किती वाजता घेतली, एवढे लिहा. ज्याला लिहिता येत नाही त्याने शाळेतल्या मुलीकडून लिहून घ्यावे.

२. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट एका पिशवीत ठेवा आणि दर भेटीला न्या. दोन्ही डॉक्टरांना पिशवी आणि वही दाखवा. आयुर्वेदिक पुडी, काढा, मेडिकलमधून आणलेली गोळी, काहीही लपवू नका.

३. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर वेळ लिहा आणि रुग्णालयात फोन करून पुन्हा घ्यायची का ते विचारा. किमोची गोळी मात्र उलटून पडली तरी स्वतःहून दुसरी घ्यायची नाही.

४. प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस घोट घोट द्या. पाकीट १ लिटर पाण्याचे असेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घाला. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती द्यायचे ते विचारून घ्या.

५. खायला मऊ भात, पातळ वरण, पेज, केळ, ताजे ताक. अस्तर झिजले की दूध पचवणारा रस कमी पडतो, म्हणून नुसत्या दुधाने जुलाब वाढतात. तिखट, तेलकट, तर्रीचा रस्सा काही दिवस बाजूला ठेवा.

६. जुलाब थांबवायची गोळी मेडिकलमधून विचारल्याशिवाय आणू नका. ताप असेल किंवा संडासातून रक्त पडत असेल तर ती घातक ठरू शकते.

७. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका, वाढवू नका, कमी करू नका. कॅन्सरचा उपचार तर अजिबात अर्धवट सोडू नका. आतड्याचा त्रास आवरता येतो, अर्ध्यावर सोडलेला कॅन्सर आवरत नाही.

कधी थांबायचे नाही

किमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा संडास झाली, रात्री झोपेतून उठून जावे लागले, रक्त पडले, पोटात काही ठरत नाही, आठ तास लघवी नाही, झटका आला, छातीत दुखले, शुगर उतरून शुद्ध हरपू लागली किंवा सिकलसेलचे दुखणे उठले, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. कॅपेसिटाबीन घेणाऱ्यांनी एवढे जुलाब लागले तर पुढचा डोस घेण्याआधी रुग्णालयाला विचारायचे. तिथे गेल्यावर पहिल्या वाक्यात सांगा: किमो चालू आहे. ताप म्हणून नुसती रांगेत बसवण्याची ही गोष्ट नाही.

डॉक्टरला विचारायचे पाच प्रश्न

माझ्या जुलाबामुळे यातली कोणती गोळी कमी पडत असेल? कोणती जास्त होत असेल? रक्त तपासून ते कळेल का? हेच औषध पातळ, इंजेक्शन किंवा पट्टीच्या रूपात मिळेल का? आणि त्रास वाढला तर रात्री कोणाला फोन करायचा?

हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरवर अविश्वास नाही. गर्दीच्या ओपीडीत एका पेशंटला फार थोडा वेळ मिळतो. प्रश्न कागदावर लिहून नेला तर तो वेळ सत्कारणी लागतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार चालू असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा की कोणती तपासणी आणि कोणते औषध योजनेत बसते. गावातले आरोग्य केंद्र आणि कॅन्सरचे रुग्णालय यांच्यात कोणी बोलत नसेल, तर दोन्हीकडच्या चिठ्ठ्या एकाच फाईलमध्ये लावून तुम्हीच त्यांना बोलायला लावा.

या रविवारी विहारात किंवा महिला मंडळाच्या बैठकीत जमाल तेव्हा हा लेख वाचून दाखवा. मग आपल्या वस्तीत किमो-शेकाचा पेशंट कोण आहे ते पाहा आणि कोणी तरी एक जण त्याच्या घरी जाऊन त्याची गोळ्यांची यादी लिहून द्या. वही दहा-वीस रुपयांची आहे. तिच्यातला एक आकडा, आज किती वेळा, डॉक्टरपर्यंत वेळेवर पोचला तर गोळी अंगी लागते की नाही याचा तपास त्याच दिवशी सुरू होतो.